जागा
मंदीत घरांच्या किमती कोसळल्या, म्हणूनच ती शिलाईवाली आज घर बघायला आली होती. भाड्याची खोली महिनाअखेर रिकामी करायची होती आणि नवऱ्याच्या कारखान्यातली निम्मी माणसं घरी बसली होती. घेतलं तर हप्ते फेडायचे कसे, नाही घेतलं तर मुलींना न्यायचं कुठे? घर विकणाऱ्याची नोकरी आधीच गेली होती. "ताई, तुम्ही नाही म्हणालात तर बँक टाळं लावेल," तो कुजबुजला. "फक्त माझ्या वडिलांना कळू देऊ नका." आतल्या खोलीत म्हातारबाबा पलंगावर पडले होते. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. "उभी का पोरी? घर आपलंच समज!" मुलाने दारातून तिला हात जोडले. "हो बाबा," ती म्हणाली, आणि व्यवहार ठरला. बाबांनी पाय आवरून तिला बसायला जागा करून दिली.