निरोपाची गाडी

पावणेपाच वाजता पांढरी अँबॅसेडर क्वार्टरांच्या गल्लीत शिरली. मागची सीट रिकामी होती.

सिंधू फाटकाशी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिच्या मागे शेजारणी. गाडी थांबली, ड्रायव्हर एकटाच उतरला.

सिंधूचा नवरा अच्युत आज निवृत्त होत होता. भोपाळच्या या टाउनशिपमध्ये शेवटच्या दिवशी माणूस आपला आपण घरी येत नाही, त्याला पोचवतात. गळ्यात हार, हातात शाल-नारळ, बरोबर खात्यातली चार माणसं. साहेब असेल तर मोटार येते. कामगार असेल तर मेटाडोर व्हॅन. कोण कशातून उतरलं हे गल्ली विसरत नाही. क्वार्टर सोडून माणूस गावी गेला, नवं कुटुंब राहायला आलं, तरी ‘ते मेटाडोरवाले’ एवढी ओळख मागे राहते.

अच्युत कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली टांगलेल्या केबिनमध्ये बसून टर्बाइनचे अवजड भाग इकडून तिकडे न्यायचा. सिंधू हे नातेवाइकांत सांगत नसे. इंदूरला भावाकडे कोणी विचारलं की ‘इन्चार्ज आहेत’ म्हणायची. एकदा तिने असं सांगितलं तेव्हा अच्युत शेजारच्याच पाटावर जेवत होता. त्याने पापड मोडला आणि जेवत राहिला. घरी आल्यावरही विषय काढला नाही.

मागच्या आठवड्यात खात्याच्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, निरोपाला काय हवं, घड्याळ की सूटकेस. अच्युत म्हणाला, काही नको, त्या दिवशी तेवढी तुमची गाडी द्या. साहेब हसले आणि हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत सिंधूने ही बातमी सगळ्यांना सांगितली.

शशिकलाला ती पटली नाही. तिचा नवरा विलास हेडक्लार्क होता आणि गेल्या वर्षी मेटाडोरमधून उतरला होता. आता ती आनंद नगरला स्वतःच्या घरात राहत होती, पण आज खास बघायला आली होती. चार वाजल्यापासून ती फाटकाला टेकून उभी होती.

“क्रेनवाल्याला गाडी कशाला गं?” ती म्हणाली. “हुकाला अडकवून वरच्यावर अंगणात सोडतील.”

बायका हसल्या. सिंधूही हसली. तिने ठेवणीतली माहेश्वरी नेसली होती आणि दर थोड्या वेळाने पदर सारखा करत होती.

आता गाडी आली होती आणि अच्युत नव्हता. सिंधूच्या मनात आधी क्रेनच्या केबिनमध्ये चढायची उंच शिडी आली. या वयात तो रोज ती चढायचा. तिने ड्रायव्हरला विचारलं, वो कहाँ हैं?

ड्रायव्हर श्याम म्हणाला, घाबरू नका, दादा ठीक आहेत, सायकलवरून येतायत. कार्यक्रम छान झाला. भाषणं झाली. साहेबांनी स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. पण दादा बसेनात. सायकल स्टँडवर कशी सोडू, म्हणाले. लोकांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी श्यामला बाजूला घेतलं.

“दादा बोले, गाडी मैंने अपने लिए थोडी माँगी थी. घर जाओ, उसको बिठाओ, और जहाँ बोले वहाँ घुमाओ.”

श्यामने मागचं दार उघडलं आणि साहेबांसाठी उभा राहायचा तसा उभा राहिला.

मग शशिकला पुढे झाली आणि तिने सिंधूच्या हातातलं ताट काढून घेतलं.

“जा, बस,” ती म्हणाली. “निरांजन मी बघते.”

सिंधू बसली. सीटवर पांढरं कव्हर होतं, ती त्याच्या कडेला टेकली. श्यामने विचारलं, क्लबवरून घेऊ का, मग बंगल्यांची लाइन, मग मार्केट. या वेळी सगळे बाहेर असतात. सिंधूने आठवडाभर मनात हाच रस्ता धरला होता. त्यात अच्युत शेजारी होता.

“नहीं,” ती म्हणाली. “गेट पे चलो. जिस रास्ते से वो रोज आते हैं, उसी से.”

गाडी वळून गेली. एव्हाना शिफ्ट सुटली होती. गेटकडून येणाऱ्या सायकलींच्या लोंढ्यातून ती उलट्या दिशेने हळूहळू जाताना गल्लीच्या तोंडापर्यंत दिसत होती, नंतर दिसेनाशी झाली.

सहा वाजून गेले तरी गल्लीत गाडी आली नाही आणि सायकलही नाही. शशिकलाने निरांजनात आणखी तूप घातलं. बायका पायरीवर बसल्या.

सव्वासहाला शेजारचा विनायक कामावरून स्कूटरने आला. त्याने सांगितलं, दोघं हॉस्पिटलच्या वळणापाशी दिसले. रस्त्याच्या कडेने सायकल चालली होती, हँडलला हार अडकवलेला होता. शेजारून गाडी सायकलच्याच वेगाने चालली होती. मागे स्कूटरींची रांग लागली होती, पण कोणी हॉर्न देत नव्हतं. गाडीची काच खाली होती आणि दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. काय, ते त्याला ऐकू आलं नाही.

तो तिथून निघाला तोपर्यंत अच्युत गाडीत बसला नव्हता आणि सिंधू खाली उतरली नव्हती.