व्याह्यांची गाडी गॅसवर

“पेट्रोलवर चालणारी अशी एकही गाडी या भूतलावर अजून जन्माला आलेली नाही, जी मी गॅसवर चालवून दाखवणार नाही!” गॅसवाल्याने जाहीर केलं आणि बॉनेट उघडायला हात घातला. बॉनेट उघडेना. कळ कुठे आहे ते शेवटी व्याह्यांनीच दाखवलं.

व्याही अजून व्हायचे होते. लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. व्याही अग्निशमन दलातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. राखेकडे बघून काडी कुणी ओढली ते सांगणारा माणूस. त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीला आपण स्वतःच्या हाताने गॅसचं किट बसवून देणार, असं गॅसवाल्याने दोन्ही घरच्या माणसांसमोर बोलून टाकलं होतं. व्याही “कशाला, कशाला” म्हणाले होते. गॅसवाल्याला ती भीड वाटली.

टाकी डिकीत स्टेपनीच्या जागी छान बसली. नळ्या बसल्या, स्विच बसला. घोडं अडलं इंजिनापाशी. जुन्या गाड्या गॅसवाल्याच्या हातातल्या. ही नवी अवलाद पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारणारी, आणि वर पहाऱ्याला कॉम्प्युटर. गॅसवर घेतली की गाडी दोन उचक्या देई, पिवळा दिवा लावी आणि मान टाकी. चार दिवस हेच. किट विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “या इंजिनाचं किट वेगळं असतं, मालक. आपल्याकडे नाही अजून.”

दुसऱ्या दिवशी व्याही गाडी न्यायला येणार होते. ‘जमलं नाही’ हे दोन शब्द बावीस वर्षांत गॅसवाल्याच्या तोंडून बाहेर पडले नव्हते, आणि आता ते लेकीच्या सासऱ्यापुढे काढायचे होते. त्याने गॅसची नळी टाकीपाशीच बंद केली आणि स्विचच्या हिरव्या दिव्याला अशी तार जोडली, की गाडी सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी तो आपला आपण लागावा. गाडी पेट्रोलवर, दिवा गॅसवर. मग ज्या नळीतून गॅस कधी जाणारच नव्हता, तिचे सगळे सांधे त्याने साबणाचा फेस लावून तपासले. प्रामाणिकपणाची सवय अशी एका दिवसात थोडीच सुटते!

व्याही आले. हिरवा दिवा लागला तेव्हा गॅसवाला जमिनीकडे बघत होता. व्याह्यांनी हात हलवला आणि वळणापर्यंत पहिला गिअर काही सोडला नाही.

आठवड्याने फोन आला. “व्याहीबुवा, मानलं तुम्हाला! परवा पोराच्या मामाकडे जाऊन आलो. दोनशे किलोमीटर! पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही.”

गॅसवाल्याच्या हातातून पाना निसटला. “आणि... गॅस?”

“गॅसही भरलेलाच! आहात कुठे?”

“आवाज वगैरे?”

“छे हो. चू नाही की चा नाही.”

गॅसवाला स्टुलावर बसला. पेट्रोल भरलेलं, गॅसही भरलेला. मग गाडी चालते कशावर?

“तुमच्या अब्रूवर,” बायको म्हणाली. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. “कळलंय त्यांना. आगी लावणारे हुडकण्यात हयात गेली त्यांची. गोड बोलून टोमणे मारताहेत.”

फोन येतच राहिले आणि कौतुक वाढतच गेलं. गिऱ्हाइकाने विश्वासाने किल्ली पुढे केली की गॅसवाल्याला चटका बसल्यासारखं होई. ‘खात्रीचे काम’ ही दुकानावरची पाटी त्याने पुसायच्या निमित्ताने खाली उतरवली, ती परत लावलीच नाही. लेक म्हणाली, “बाबा, सासरे सगळ्यांना सांगतात, असा कारागीर शोधून सापडायचा नाही!” तेव्हा तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला.

रविवारी सकाळी त्याने शर्ट घातला. “सगळं सांगून येतो.”

“आणि लग्न मोडलं तर?” बायकोने विचारलं.

“मोडू दे. खोट्या दिव्याखाली पोर नाही धाडायची मला.”

व्याह्यांच्या पोर्चमध्ये गाडी आरशासारखी उभी होती. चाकाला चिखलाचा ठिपका नाही. केवढी ही जपणूक, असं वाटून गॅसवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याह्यांनी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

“साहेब, त्या गाडीचं मला जरा...”

“थांबा. आधी मी बोलतो,” व्याही म्हणाले. “मलाही गाडीचंच बोलायचंय. आता लपवण्यात अर्थ नाही.”

गॅसवाल्याने मान खाली घातली. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून गेला. व्याही खिडकीपाशी गेले, परत आले, दाराची कडी पुन्हा एकदा बघितली.

“तीस वर्षं लोकांच्या आगीत शिरलो हो,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण ती टाकी पाठीशी घेऊन बसायची हिंमत होत नाही; तुमच्याकडून आणली त्या दिवसापासून गाडी जागची हललेली नाही, मी आपला बसने फिरतोय. तुमचं मन मोडेल म्हणून बोललो नाही. एवढं एकच करा, व्याहीबुवा, कुणाला कळू न देता ती परत पेट्रोलवर करून द्या.”