साडेचार फुटांचं दार

शिंप्यानं चुन्याच्या रेघेबाहेर चपला काढल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं, की इथे अजून खोलीच नाही. त्यानं चपला परत घातल्या.

"या, आत या," बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले. "आत उभं राहून नीट बघा आणि मग काय हरकत असेल ती सांगा."

रीतच होती तशी. घरापुढच्या मोकळ्या जागेत कुणाला खोली वाढवायची असली, तर आधी तिची जमिनीवर चुन्यानं आखणी करायची, दाराच्या जागी रेघ तोडायची आणि शेजाऱ्यांना बोलवायचं. एकाची जरी हरकत राहिली, तरी अर्ज परत.

अर्ज घड्याळजींचा होता. घरगुती वापरासाठी खोली, एवढंच ते सांगत होते आणि तेवढ्यावर गल्लीचं भागणार नव्हतं. आठवड्याभरात गल्लीनं गप्पांगप्पांत त्या खोलीत पिठाची गिरणी बसवली, आवाज सहन होईना म्हणून ती बंद पाडली, मग तिथे दारूचं दुकान काढलं, त्यावर मोर्चा नेला, आणि कालपासून तिथे तयार कपड्यांचं दुकान जोरात चाललं होतं. शिंप्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो या शेवटच्या दुकानामुळे.

"दार किती?" त्यानं विचारलं. गळ्यातली टेप हातात आलीसुद्धा.

"साडेचार फूट," घड्याळजी म्हणाले.

शिंप्यानं शेजारच्या मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"घरातल्या खोलीला साडेचार फूट? हत्ती बांधताय का?"

"हवा येईल," घड्याळजी चुन्याकडे बघत म्हणाले.

"हवेला खिडकी असते, भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

साहेबांना उन्हाचा त्रास होत होता. "अहो, तीन फूट करून टाका ना. यांचं समाधान होईल, तुमची खोली होईल."

"तीन करा," शिंपी म्हणाला, "हा मी हरकत सोडून घरी चाललो."

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही. साडेचारच हवं."

"बघा साहेब. याला शटर लावायचंय, शटर."

"सांगून टाका की खरं," वरून आवाज आला. "लाजताय काय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. घड्याळजींची बायको वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकून बसली होती. कमरेचं हाड मोडल्यापासून तिनं गल्ली बघितली ती एवढ्या उंचीवरूनच.

"मला खाली यायचंय," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांची टकुरी बघून कंटाळले, आता तोंडं बघायचीत. एकदा हे मला पाठुंगळी घेऊन उतरवतील, मग मी त्या खोलीतच राहीन. यायला तीन फूट पुष्कळ झाले. साडेचार जायला हवेत."

"कुठे जायला, वहिनी?" शिंप्यानं विचारलं.

"आमचे सासरे गेले तेव्हा त्यांना कसं खाली आणलं होतं, आठवतंय ना?"

शिंप्याला आठवत होतं. घड्याळजींच्या घरातला जिना म्हणजे पिळलेलं फडकं. चौघांनी उचललेला म्हातारा एकाही वळणावर वळेना, तेव्हा त्याला फळीला बांधून उभाच उतरवला. खाली शिंपी उभा. पायरीपायरीला म्हाताऱ्याची मान हलत होती, तेव्हा सवयीनं हा "या काका, बसा" म्हणाला होता, आणि काका काही बोलले नाहीत याचा त्याला थोडा रागही आला होता.

"मला उभ्यानं जायचं नाहीये," ती म्हणाली. "मी आडवी जाणार. आणि न्यायला कोण येणार आहे? तुम्हीच."

साहेबांनी दाराच्या तुटलेल्या रेघेकडे पाहिलं.

"पण तीन फुटांतून..." साहेबांनी सुरुवात केली.

"बघा की करून. बाक आहे समोर."

शिंप्याच्या दुकानापुढचा गिऱ्हाइकांचा बाक खोलीत आला. पुढे शिंपी आणि घड्याळजी. मागे मास्तरीणबाई. चौथा खांदा कमी पडत होता.

"मी सरकारी कामावर आहे," साहेब म्हणाले.

"मग हे काय खासगी आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं. साहेबांनी चुना टाकून दार तीन फुटांवर आणलं आणि निमूट खांदा दिला.

बाक दारापाशी आला आणि दोन्ही बाजूंच्या माणसांचे पाय रेघेवर पडले.

"भिंतीवर आपटलात," वरून आवाज आला.

मागे फिरले. या खेपेला शिंप्यानं अंग चोरून तिरकं व्हायचा प्रयत्न केला. बाक कलला.

"पडले मी," ती म्हणाली.

घड्याळजींनी पायानं जादा चुना पुसून टाकला. दार पुन्हा साडेचार झालं. चौघं सरळ चालत, एकाही रेघेला न लागता, रस्त्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. शिंपी समोर आपल्या दुकानाच्या अरुंद दाराकडे बघत राहिला. त्याच्या माळ्यावर म्हातारी आई होती.

"साहेब," तो म्हणाला, "पाच लिहा. अगदी अंगाबरोबर बेतलं, की नंतर सोडायला कापड उरत नाही."

"आणि उंबरा नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला ठेच लागते."

"लिहितो," साहेब म्हणाले. पण त्यांचा हात वर बाकाला अडकलेला होता.

"शटर मात्र नको," शिंप्यानं घड्याळजींना दबक्या आवाजात बजावलं. "मी रोज बघणार आहे."

चौघंही बाक खांद्यावर घेऊन तसेच उभे.

"ठेवा आता खाली," ती वरून म्हणाली. "मला काही घाई नाही."