लय जुनी ओवी

नवरी पाटावर येऊन बसली आणि धोंडुबाईच्या गळ्यातून नुसती हवा आली.

तिनं घसा खाकरला. पुन्हा हवाच. लागोपाठच्या लग्नांनी आवाज पार बसवला होता. मांडवातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आगऱ्यांच्या मांडवात भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवलारणीनं लग्नाचं गाणं, धवला, धरल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आणि जित्यापासून रोह्यापर्यंत लोक तारीख धरायच्या आधी धोंडुबाईला विचारत.

"आता गो?" नवरीच्या आईनं विचारलं. हळदीची वाटी तिच्या हातात तशीच.

धोंडुबाईनं मागे बोट दाखवलं. तिची सून जागृती सात महिन्यांच्या लेकीला, परीला, मांडीवर घेऊन टाळ्या वाजवायला शिकवत बसली होती.

"ही?" निडीहून आलेली नवरीची आत्या, सीताबाई, हसली. "हिच्या तोंडाला अजून बालंतपनातल्या शेपूचा वास येतोय. ही काय गानार?"

"आत्या, टेन्शन नको," डीजेवाला प्रणित स्पीकरमागून म्हणाला. "धवले हायेत माझ्याकडं. पेन ड्राइव्हवर. बेस पन मारलाय."

"बघा, सोय हाय," सीताबाई म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझ्या पोरीची हलद. मी तर म्हंते, तवा पन ह्येच लावू. धवलारनीची साडी नको, रुसवा नको."

एरवी धोंडुबाईनं तिला जागच्या जागी उत्तर दिलं असतं. आज तिनं परीला घ्यायला सुनेकडे हात पुढे केले.

जागृतीनं परीला सासूच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि पाटाशी जाऊन बसली. धवले तिला येत होते. परीला निजवताना सासू एकेक ओळ सांगायची, ही तीच गुणगुणत थोपटत राहायची. पण तिथं चुकलं तर परी हसायची. इथं सीताबाई होती.

"मधी थांबू नको," धोंडुबाई मागून कुजबुजली. "धवला धरला की तोडायचा नाय."

जागृतीनं डोळे मिटले.

"खाडीचे पल्याडशी हलद आली,
होरीत बसूनशी हलद आली."

हळदीची होडी निघाली, बायांनी ओळ उचलली. आईनं पहिलं बोट नवरीच्या कपाळाला लावलं. पुढची ओळ आली, तिच्या पुढचीही आली. सीताबाईसुद्धा, तोंड वाकडं करून का होईना, मागून म्हणू लागली.

मग परी रडली.

झोपेला आलेलं ते रडणं जागृतीनं न बघताच ओळखलं. छातीत दूध दाटलं आणि तोंडातून आपसूक निघालं:

"निज माझे बाय, भरती सरली,
खाडीचे काठाला होरी लागली."

तिच्या लक्षात आलं तेव्हा ओळ निसटून गेली होती. हा धवला नव्हताच. ही परीची अंगाई, तिनं स्वतःच जुळवलेली. चाल तेवढी धवल्याची. तिनं दचकून डोळे उघडले. प्रणितचं बोट बटणावर होतं.

पण बायांचं काम ऐकलेली ओळ परत म्हणायचं. त्यांनी ती म्हटली. अख्ख्या मांडवानं म्हटली. "निज माझे बाय..."

सकाळपासून फोटोवाल्याच्या 'मॅडम, स्माइल'नं दमलेली नवरी एकाएकी आईच्या खांद्यावर कलली. आईचा हात, हळदीनं भरलेला, तिच्या पाठीवर गेला आणि थोपटू लागला. नव्या पोलक्यावर पाच पिवळी बोटं उमटली. "मॅडम, चेहरा..." फोटोवाला म्हणाला, तेव्हा कुणीतरी त्याला कोपर मारलं.

तोडायचा नाय. जागृतीनं श्वास घेतला. पुढची ओळ कुठंच नव्हती, ना धवल्यात, ना अंगाईत.

"उद्याचे पान्याला होरी जायाची,
आज माझी बाय मायजवल निजायची."

मांडवानं हीही ओळ उचलली. आई म्हणता म्हणता रडली, मग हसली आणि तिनं लेकीच्या नाकालाच हळद फासली. तिथून जागृतीनं आत्याची हळद गायली, मामीची गायली आणि धवला सुखरूप काठाला लावला. प्रणितनं केव्हाच बटणावरचं बोट काढून टाळ्या धरल्या होत्या.

बाया पत्रावळी मांडायला लागल्या तेव्हा सीताबाई नाक पुसत आली.

"ती होरीची ओवी कुठं मिळाली गो तुला? माझी आजी म्हनायची ती. ती गेली, तवापासनं कोनाच्या तोंडून आयकली नव्हती."

"आत्या, ती तर मी..."

धोंडुबाईनं सुनेला बारीक चिमटा काढला.

"लय जुनी हाय," ती उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली.

"तरीच! माझ्या पोरीला पन तीच पायजे. तूच ये गायला. आन् आजी म्हनायची तश्शीच म्हन हां, एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

धोंडुबाईनं गंभीरपणे मान डोलावली. तिच्या मांडीवर त्या जुन्या ओवीची मालकीण, कुणीतरी हळद लावलेली मूठ गालाखाली घेऊन, गाढ झोपली होती.