शाळेकडे जाणारा शेवटचा रस्ता

“हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे, घरी परता,” दुसानेबाई फाटकाबाहेर पडताच फोन बोलला.

“बंद? माणसं चाललीत की!” शेजारचे बोराटेकाका म्हणाले. “चला, मी बसमध्ये बसवतो.”

“काका, आता फोनने परवानगी दिल्याशिवाय बस आम्हा अंधांना दार उघडत नाही.”

अंधांच्या संघाने तीन वर्षं प्रत्येक खड्डा, प्रत्येक उघडं गटार फोनवर नेमाने नोंदवलं होतं. दुरुस्ती व्हावी, एवढीच अपेक्षा. खड्डे तसेच राहिले. नोंदवलेले रस्ते मात्र धोक्याचे ठरवून फोनने अंधांसाठी बंद केले. बाई ज्या शाळेत गाणं शिकवत, तिकडे जाणारा हा शेवटचा रस्ता उरला होता.

“इथला खड्डा कोणी नोंदवला?” काकांनी विचारलं.

“मीच. सोमवारी पाय मुरगळला तेव्हा,” बाई म्हणाल्या आणि नोकरी सोडत असल्याचं कळवायला त्यांनी शाळेचा नंबर लावला.