ढिगाखालचं गाव
इंजिनिअर फान ढिगावर चढताना घसरला, तेव्हा युएमेईनं त्याला हात दिला. साठीची बाई, पण ढिगाची वाट तिला पाठ होती.

कारखाना अकरा वर्षांपूर्वी बंद पडला होता. डोंगरातली माती आम्लात धुऊन मालकांनी चुंबकांसाठी लागणारे दुर्मिळ धातू काढून नेले आणि उरलेला पिवळा गाळ गावाच्या डोक्यावर रचून ठेवला. तेव्हापासून ओढ्यात मासा नव्हता. संत्र्यांची पानं अवेळी गळायची. शहरात नोकरी करणाऱ्या युएमेईच्या मुलानं, च्याननं, तिला बजावलं होतं, ढीग हलेपर्यंत पोरीला गावात आणणार नाही. नात पाच वर्षांची झाली, आजीनं तिला फोनवरच पाहिलेली.

युएमेईनं कचेरीत नऊ वर्षं अर्ज केले. शेवटी नव्या कंपनीतर्फे फान आला. टाकाऊ गाळातही धातू राहतो, पुन्हा आम्ल वापरून तो काढता येतो, असं त्यानं समजावलं. ढिगाचे, शेतांचे, अंगणांतल्या मातीचेही नमुने त्यानं नेले.

"माल निघाला तर उचलाल ना?" तिनं विचारलं.

"निघाला तर ढेकूळही ठेवणार नाही, मावशी."

महिन्याभरात मंजुरी आली. बाधित माती उचलायला गावाची संमती हवी होती. गावप्रमुखाला कुणी जुमानत नव्हतं, म्हणून कागद घेऊन युएमेईच दारोदार फिरली. म्हातारा वेन तेवढा अडून बसला. कागद नीट वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला आणि चष्मा शोधू लागला.

"तुझा चष्मा सापडेपर्यंत माझी नात म्हातारी होईल," ती म्हणाली.

वेन ओशाळला. त्यानं सही केली. त्याच संध्याकाळी, ढीग आता हलणार, म्हणून तिनं च्यानला फोन केला.

नववर्षाच्या वसंतोत्सवाच्या आठ दिवस आधी तो बायको-पोरीला घेऊन आला. पोर आधी बुजली, मग आजीच्या मांडीवर बसून गूळ घातलेला चिकट भात खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं आली. युएमेई नातीला कडेवर घेऊन ती दाखवायला बाहेर आली.

यंत्रं भातखाचरात उभी होती. दोन माणसं तिच्या घराच्या भिंतीवर लाल रंगानं आकडा लिहीत होती. पलीकडे वेनच्या भिंतीवर लिहून झाला होता.

रस्ता चुकला असेल, असं वाटून ती फानकडे गेली. ढिगाची वाट मागच्या बाजूनं आहे, म्हणाली.

फाननं तिच्याकडे पाहिलं नाही. "अकरा वर्षांच्या पावसानं ढीग धुऊन काढलाय, मावशी. त्यात काही उरलं नाही. सगळा माल खाली उतरलाय. शेतांत, अंगणांत, घरांच्या पायांखाली."

"मग ढीग?"

"तो राहील," फान म्हणाला. "उचलायचंय ते गाव."