प्रॉक्सी

गवाणकर सर इंजिनिअरिंगच्या वर्गावर बीमचा, म्हणजे तुळईचा तास सुरू करणार, तेवढ्यात केतकी टेबलाशी आली.

"सर, पट्टा काढू का? आजचा दिवस फक्त."

मन धड्यावरून हटलं की मनगटावरचा पट्टा चटका द्यायचा. सत्राची सरासरी एकाग्रता पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की टर्म जायची. केतकी अगदी काठावर होती.

"का गं?"

"परवा आईचं तेरावं झालं. तिचा चेहरा आठवायला गेले की चटका बसतो. आता घरीसुद्धा आईऐवजी बीमची आकृतीच दिसते."

सरांनी तिचा पट्टा काढून स्वतःच्या मनगटावर चढवला.

"मागे जाऊन बस. तुझी प्रॉक्सी मी लावतो. शिकवणाऱ्याचं लक्ष कुठे जाणार?"

केतकी तासभर खिडकीबाहेर बघत राहिली. बावीस वर्षं शिकवलेला धडा सर न अडखळता शिकवत होते. डावा हात मात्र सारखा झटकत होते.

तास संपल्यावर फळ्यावर आकडे उमटले. केतकीच्या नावापुढे या तासाचे नऊ टक्के होते. सरासरी घसरून तिची टर्म गेली होती.

सर पट्टा सोडवू लागले, पण तो सुटेना. शेवटी केतकीनेच तो सोडवला. खाली मनगट लालभडक झालं होतं.

"सर," तिने हळूच विचारलं, "तुमचं कोण गेलं?"